जुन्या डेस्कटॉपमधील विंडोज नव्या संगणकावर नेताना

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ला नियमित अपडेट देणे थांबवले आणि ज्यांच्या संगणकाचा प्रोसेसर विंडोज ११च्या अटींत बसत नाही, त्यांच्यापुढे नवे यंत्र घेण्याचा प्रश्न उभा राहिला. नवा संगणक जुळवून घेतला की दुकानदार त्यात कोरी विंडोज टाकून देतो, आणि ज्यांचे काम ब्राउझर व ईमेलवर भागते त्यांना तेवढे पुरतेही. मात्र ज्यांच्या संगणकात टॅलीचा अनेक वर्षांचा हिशेब आहे, छपाईसाठी लागणारे जुने मराठी फॉन्ट आहेत, डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनची एकदाची जमलेली मांडणी आहे, आणि दोन-चार प्रोग्रॅमच्या मूळ सीडी केव्हाच हरवल्या आहेत, त्यांना आहे तीच विंडोज उचलून नव्या यंत्रावर नेणे अधिक सोयीचे ठरते.

हे काम वाटते तितके जोखमीचे नाही. विंडोज १० नव्या मदरबोर्डवर बहुतेक वेळा विनातक्रार सुरू होते, कारण नेहमीच्या साटा (केबलने जोडायच्या) आणि एनव्हीएमई (मदरबोर्डवरच बसणाऱ्या, अधिक वेगवान) डिस्क चालवण्याचे ड्रायव्हर तिच्यात मुळातच असतात. गाडी अडते ती चार ठिकाणी: बूट होण्याची, म्हणजे यंत्र चालू केल्यावर विंडोज सुरू होण्याची पद्धत, डिस्कचे एन्क्रिप्शन (डेटा सांकेतिक रूपात कुलूपबंद असणे), खात्यात प्रवेश आणि परवाना. या चारही बाबी जुने यंत्र चालू असतानाच तपासता येतात, आणि बऱ्याचशा तिथेच निस्तरताही येतात. म्हणून या लेखाचा मोठा भाग स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधीच्या कामाचा आहे.

उदाहरण म्हणून असे धरू, की जुना संगणक इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आसपासचा असून त्यात २४० जीबीची साटा एसएसडी आणि ६४ बिटची विंडोज १० आहे. नव्या संगणकात ५०० जीबीची एम.२ एनव्हीएमई एसएसडी आहे. जुनी डिस्क तशीच काढून नव्या यंत्रात जोडणेही शक्य असते, पण तसे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर करावी आणि पुढचे सारे प्रयोग त्या नकलेवर करावेत. मूळ डिस्क अबाधित राहिली, तर काहीही बिघडले तरी ती जुन्या यंत्रात जोडून दुसऱ्या दिवशी दुकान वेळेवर उघडता येते.

ही वाट कोणासाठी नाही

जुनी विंडोज ३२ बिटची असेल तर ती हलवण्यात अर्थ नाही. ३२ बिटच्या विंडोजवरून ६४ बिटच्या विंडोजवर थेट अपग्रेड होत नाही आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच मिळते. नवा लॅपटॉप स्नॅपड्रॅगनसारख्या एआरएम प्रोसेसरचा असेल, तर इंटेल किंवा एएमडीवरची विंडोज त्यावर सुरूच होणार नाही. जी विंडोज जुन्या यंत्रावरच वारंवार निळा पडदा दाखवते किंवा जिच्यात व्हायरस शिरल्याची शंका आहे, तीही नव्या घरी नेऊ नये. आजार डिस्कबरोबर येतो.

जुने यंत्र चालू असताना

प्रथम कागदपत्रे, फोटो, टॅलीचा डेटा आणि ईमेलच्या फाइल वेगळ्या बाह्य डिस्कवर कॉपी कराव्यात. नक्कल करताना मूळ आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर काय होते, हे पुढे येईलच. त्या एका चुकीपासून वाचवणारी गोष्ट म्हणजे ही कॉपी होय.

मग डिस्कचे आरोग्य पाहावे. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम उघडला की डिस्कच्या नावाखाली तिची अवस्था दिसते. ‘गुड’ असे निळ्या रंगात असेल तर पुढे जावे. पिवळ्या रंगात ‘कॉशन’ असेल तर नक्कल मध्येच अडण्याची शक्यता आहे, आणि अशा वेळी डेटाची कॉपी अधिक काळजीने तपासून घ्यावी.

यानंतर स्टार्ट मेनूत ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ शोधून उघडावे आणि ‘बायोस मोड’ या ओळीसमोर ‘लेगसी’ (बूट होण्याची जुनी पद्धत) आहे की ‘यूईएफआय’ (नवी पद्धत), ते कागदावर लिहून ठेवावे. लेगसी पद्धतीची विंडोज एमबीआर प्रकारच्या, म्हणजे पार्टिशनची नोंद जुन्या पद्धतीने ठेवणाऱ्या डिस्कवर असते. अनेक नव्या मदरबोर्डांनी ही जुनी पद्धत काढून टाकली आहे, त्यामुळे तशी डिस्क त्यांना बूट करण्याजोगी वाटतच नाही. पडद्यावर ‘बूट डिव्हाइस सापडले नाही’ असा संदेश येतो आणि नवशिक्या माणसाला नक्कलच फसली असे वाटते. प्रत्यक्षात नक्कल ठीक असते, फक्त डिस्कचा प्रकार बदलायचा राहिलेला असतो. तो कसा बदलायचा हे पुढे पाहू.

एन्क्रिप्शनची बाब अधिक नाजूक आहे. विंडोज प्रोच्या यंत्रांत बिटलॉकर आणि अनेक लॅपटॉपांत ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू असू शकते, आणि त्याची किल्ली बहुधा जुन्या मदरबोर्डवरील टीपीएम या सुरक्षेच्या चिपमध्ये असते. नव्या यंत्रात ती चिप नसल्याने विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. म्हणून सेटिंग्जमध्ये जाऊन एन्क्रिप्शन पूर्णपणे बंद करावे आणि डिक्रिप्शन संपेपर्यंत थांबावे. मोठ्या हार्ड डिस्कवर यात काही तास सहज जातात. केवळ ‘सस्पेंड’ करून भागवू नये, कारण त्यात डिस्कवरील डेटा एन्क्रिप्टच राहतो.

आता खात्यातील प्रवेश. आपण रोज चार किंवा सहा अंकी पिन टाकून आत जातो आणि मूळ पासवर्ड विसरून जातो. पिन मात्र त्या यंत्रापुरताच असतो. नव्या मदरबोर्डवर विंडोज सुरू झाली की ‘तुमचा पिन उपलब्ध नाही’ असा संदेश येण्याची बरीच शक्यता असते. पिन नव्याने ठरवायला मायक्रोसॉफ्ट खात्यात इंटरनेटवरून जावे लागते, आणि इंटरनेटसाठी लागणारा नेटवर्क ड्रायव्हर तर अजून बसलेलाच नसतो. या कोंडीत सापडू नये म्हणून आधीच एक स्थानिक खाते तयार करावे, त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार द्यावेत, साधा पासवर्ड ठेवावा आणि त्या खात्यात एकदा प्रत्यक्ष शिरून पाहावे. सगळे स्थिरावले की ते काढून टाकता येते.

परवाना कोणत्या प्रकारचा आहे हेही इथेच कळते. कमांड प्रॉम्प्ट उघडून रोमन अक्षरांत ‘एसएलएमजीआर’, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘डीएलआय’ असे टाइप केले की छोटी खिडकी उघडते. तिच्यात ‘रिटेल’ असे असेल तर परवाना नव्या यंत्रावर नेता येतो, अट एवढीच की जुन्या यंत्रावरचा वापर थांबला पाहिजे. ‘ओईएम’ असे असेल तर परवाना ज्या यंत्राबरोबर आला त्याच्याच मदरबोर्डशी बांधलेला असतो. तो नव्या संगणकावर चालत नाही आणि नवा परवाना विकत घ्यावा लागतो. कंपन्यांच्या तयार संगणकांत आणि लॅपटॉपांत बहुधा हाच प्रकार असतो. रिटेल परवाना असणाऱ्यांनी सेटिंग्जमधील ‘ॲक्टिव्हेशन’ या पानावर जाऊन तो आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेला आहे ना, याची खात्री करावी.

इतर प्रोग्रॅमच्या परवान्यांची यादीही करावी. टॅलीप्राइमचा परवाना जुन्या यंत्रावरून रीतसर ‘सरेंडर’ करावा लागतो आणि मगच तो दुसऱ्या यंत्रावर सुरू करता येतो. हे काम नक्कल करण्याच्या अगदी आधी, दिवसाचे व्यवहार आटोपल्यावर करावे. डोंगलवर, म्हणजे संगणकाला लावलेल्या परवान्याच्या छोट्या उपकरणावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत तो डोंगल मागे कुठे लावला आहे ते वाकून पाहावे. यूएसबीचा असेल तर चिंता नाही. पंचवीस पिनांच्या पॅरलल पोर्टचा असेल तर मात्र नव्या बोर्डावर ते पोर्ट बहुधा नसते, आणि बाजारात मिळणारी यूएसबी ते पॅरलल केबल डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला चालली तरी डोंगलला सहसा चालत नाही. त्यासाठी पीसीआय एक्सप्रेसचे पॅरलल पोर्ट कार्ड लागते, आणि तेही घेण्याआधी सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याला विचारून घेतलेले बरे. छापखान्यात किंवा वजनकाट्यावर वापरल्या जाणाऱ्या संगणकांचे स्थलांतर विंडोजपेक्षा अशा एखाद्या पोर्टापायीच अधिक वेळा रखडते.

शेवटची दोन कामे किरकोळ आहेत. जुन्या बोर्डाबरोबर आलेले पंखा-नियंत्रण, ओव्हरक्लॉकिंग वगैरेंचे प्रोग्रॅम काढून टाकावेत, कारण ते थेट जुन्या चिपशी बोलतात आणि नव्या यंत्रावर गोंधळ घालतात. शिवाय कंट्रोल पॅनलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. हे चालू असताना संगणक बंद केल्यावरही विंडोजचा गाभा जुन्या हार्डवेअरच्या आठवणीसह डिस्कवर गोठलेल्या अवस्थेत राहतो, आणि अशा पार्टिशनची नक्कल करायला क्लोनझिला (पुढे वापरायचा डिस्कची नक्कल करणारा प्रोग्रॅम) कुरकुर करते. यानंतर शिफ्ट कळ दाबून धरून ‘शट डाउन’ करावे.

नक्कल करणे

नवे यंत्र आधी पारखून घ्यावे. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून चालवून रॅमची तपासणी रात्रभर होऊ द्यावी. सदोष रॅम असलेल्या यंत्रावर नक्कल केली तर काही फाइल गुपचूप बिघडलेल्या अवस्थेत उतरतात आणि त्या महिन्यांनी उघडकीस येतात. तपासणीत एकही त्रुटी दिसली तर रॅम बदलून घ्यावी, पुढे जाऊ नये.

नक्कल नव्या यंत्रावरच करणे सोयीचे. जुनी एसएसडी साटा केबलने नव्या मदरबोर्डला जोडावी, नवी एम.२ एसएसडी आपल्या खाचेत बसवावी. ही एसएसडी तिरकी आत सरकवायची असते आणि मग दाबून टोकाच्या बारीक स्क्रूने कसायची असते. तो स्क्रू अनेकदा एसएसडीबरोबर येत नाही, मदरबोर्डच्या खोक्यातील छोट्या पुडीत असतो, म्हणून खोके टाकून देऊ नये.

दुसऱ्या एखाद्या संगणकावर रुफस हा बूट होणारे पेन ड्राइव्ह बनवणारा प्रोग्रॅम वापरून क्लोनझिलाचा पेन ड्राइव्ह तयार करावा. तो सुरू होत नसेल तर नव्या यंत्राच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रोग्रॅमला बूट होऊ न देणारी सोय, तात्पुरते बंद करावे. क्लोनझिला सुरू झाल्यावर एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर नक्कल करण्याचा पर्याय, मग ‘बिगिनर’ आणि मग संपूर्ण डिस्क स्थानिक डिस्कवर उतरवण्याचा पर्याय निवडावा. इथे ती मूळ डिस्क विचारते आणि नंतर लक्ष्य डिस्क. डिस्कची नावे विंडोजसारखी नसतात: साटा डिस्क ‘एसडीए’सारख्या नावाने आणि एनव्हीएमई डिस्क ‘एनव्हीएमई’ने सुरू होणाऱ्या नावाने दिसते. नावापेक्षा त्यापुढील आकार आणि कंपनीचे नाव पाहावे. आपल्या उदाहरणात २४० जीबीची ती मूळ आणि ५०० जीबीची ती लक्ष्य. लक्ष्य डिस्कवरील सर्व काही पुसले जाते, आणि म्हणूनच क्लोनझिला पुढे जाण्याआधी एकाहून अधिक वेळा होकार मागते. प्रत्येक वेळी होकाराची कळ दाबण्याआधी ओळ पूर्ण वाचावी. सवयीने कळ दाबणाऱ्यांचाच इथे घात होतो.

लक्ष्य डिस्क मूळ डिस्कइतकी किंवा तिच्याहून मोठी असावी लागते. दोन्ही डिस्क २५६ जीबीच्या म्हणून विकल्या गेल्या, तरी प्रत्यक्ष आकारात थोडाफार फरक असू शकतो. म्हणून वरच्या आकाराची डिस्क घेतलेली बरी.

नक्कल संपली की संगणक बंद करून जुनी एसएसडी काढून घ्यावी, तिच्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवावी आणि ती बाजूला ठेवावी. दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवून विंडोज सुरू करू नये: दोन्हींची ओळखखूण एकच असल्याने विंडोज त्यांपैकी एक डिस्क ऑफलाइन करते, आणि कधी कधी आपण नव्या डिस्कवर आहोत असे समजून जुनीवरच काम करत राहतो.

डिस्कचा प्रकार बदलणे

आधी टिपून ठेवलेल्या कागदावर ‘यूईएफआय’ असेल तर हा भाग सोडून द्यावा. ‘लेगसी’ असेल तर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने तयार केलेला विंडोज १०चा पेन ड्राइव्ह लावावा, बूट मेनूत त्याच्या नावाआधी ‘यूईएफआय’ असलेली नोंद निवडावी आणि भाषा विचारणारा पहिला पडदा आला की शिफ्ट व एफ१० या कळा एकत्र दाबाव्यात. काळी खिडकी उघडते. तिच्यात ‘डिस्कपार्ट’ आणि मग ‘लिस्ट डिस्क’ या आज्ञा रोमन अक्षरांत दिल्या की डिस्कचे क्रमांक दिसतात. एसएसडीचा क्रमांक टिपून ‘एक्झिट’ने बाहेर यावे.

इथे एसएसडी दिसलीच नाही, तर घाबरू नये. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक यंत्रांत व्हीएमडी नावाची डिस्क हाताळण्याची सोय बायोसमध्ये चालू असते आणि तिचा ड्रायव्हर या पेन ड्राइव्हमध्ये नसतो. घरगुती वापरात तिची गरज नसते. बायोसमध्ये ती बंद केली की डिस्क दिसू लागते.

आता जी आज्ञा द्यायची तिचे नाव ‘एमबीआर’, ‘टू’ऐवजी इंग्रजी आकडा २ आणि ‘जीपीटी’ असे सलग, रोमन अक्षरांत जोडून लिहायचे. त्यापुढे जागा सोडून तिरकी रेघ व ‘व्हॅलिडेट’, पुन्हा जागा सोडून तिरकी रेघ, ‘डिस्क’, अपूर्णविराम आणि डिस्कचा क्रमांक. ही केवळ चाचणी असते. ती यशस्वी झाल्याचा संदेश आला की तीच आज्ञा ‘व्हॅलिडेट’च्या जागी ‘कन्व्हर्ट’ लिहून द्यावी. काही क्षणांत डिस्क जीपीटी, म्हणजे यूईएफआयला लागणाऱ्या नव्या प्रकारची होते आणि तिच्यावरील फाइल जागच्या जागी राहतात. डिस्कवर तीनपेक्षा अधिक प्रायमरी पार्टिशन असतील तर चाचणीतच नकार येतो. आधी एखादे बिनकामाचे पार्टिशन हटवावे लागते.

पहिल्यांदा सुरू करताना

पेन ड्राइव्ह काढून बायोसमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ ही नोंद पहिल्या क्रमांकावर ठेवावी. विंडोजच्या खुणेखाली उपकरणे तयार होत असल्याचा संदेश आणि टक्केवारी दिसते, पडदा एक-दोन वेळा काळा होतो, यंत्र स्वतःहून पुन्हा सुरूही होते. या वेळी पॉवर बटणाला हात लावू नये.

निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे आले, तर त्याचा अर्थ विंडोजने साटाची सवय ठेवून एनव्हीएमईचा ड्रायव्हर बूटच्या वेळी उठवलाच नाही. असे दोन-तीन वेळा झाल्यावर दुरुस्तीचा पडदा येतो. त्यातील प्रगत पर्यायांतून ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ उघडून सेफ मोड निवडावा. सेफ मोडमध्ये विंडोज आपल्याकडील साठवणुकीचे सर्व ड्रायव्हर चाचपून पाहते, आणि एकदा का ती अशी सुरू झाली की पुढच्या वेळी साध्या रीतीने सुरू होते. सेफ मोडमध्येही पिनवर विसंबू नये. आधी केलेले स्थानिक खाते इथे उपयोगी पडते.

डेस्कटॉप आला की तो बहुधा ओबडधोबड, मोठ्या अक्षरांचा दिसतो, कारण ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर अजून बसलेला नसतो. डिव्हाइस मॅनेजर उघडला तर काही नावांपुढे पिवळी उद्गारचिन्हे दिसतील. पहिले काम नेटवर्कचे. नव्या बोर्डाच्या लॅन किंवा वायफायचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर आणलेला असावा. तो नसेल तर ॲण्ड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे, त्यासाठी वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. इंटरनेट आले की विंडोज अपडेट बरेचसे ड्रायव्हर स्वतःच आणते. चिपसेट आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर मात्र बोर्डाच्या आणि चिपच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावेत. सर्व ड्रायव्हर एका फटक्यात शोधून देतो म्हणणारे प्रोग्रॅम टाळावेत. ते फायद्यापेक्षा जाहिरातीच अधिक आणतात.

कार्यालयात या संगणकाला ठरावीक आयपी पत्ता दिलेला असेल, तर तो नव्या लॅन कार्डाला देताना ‘हा पत्ता दुसऱ्या ॲडॉप्टरला दिलेला आहे’ अशी सूचना येते. तो दुसरा ॲडॉप्टर म्हणजे जुन्या बोर्डावरचे कार्ड, जे आता यंत्रात नाही पण विंडोजच्या नोंदीत आहे. डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूतून लपलेली उपकरणे दाखवण्यास सांगितले की ते फिकट रंगात दिसते. तेवढे अनइन्स्टॉल करावे. अशी इतर अनेक फिकट नावे तिथे असतात. ती निरुपद्रवी आहेत, त्यांची साफसफाई करत बसू नये.

यानंतर परवाना. इंटरनेट चालू असताना ‘ॲक्टिव्हेशन’च्या पानावरील ‘ट्रबलशूट’ निवडून, आपण या यंत्रातील हार्डवेअर नुकतेच बदलल्याचे सांगणारा पर्याय घ्यावा आणि परवाना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडला होता त्याने आत जावे. यादीत जुन्या संगणकाचे नाव दिसले की ते निवडावे. टॅली व इतर प्रोग्रॅमही आता सुरू करून घ्यावेत.

नव्या डिस्कवरील उरलेली जागा अजून रिकामीच असते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्ह वाढवण्याचा पर्याय फिका दिसला, तर मध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवे आले आहे असे समजावे. जीपार्टेड या पार्टिशन हलवणाऱ्या प्रोग्रॅमच्या पेन ड्राइव्हवरून ते शेवटी सरकवले की वाट मोकळी होते.

विंडोज ११ आणि जुनी डिस्क

विंडोज १०वरच काही काळ राहायचे असेल, तर घरगुती वापरकर्त्यांसाठीची वाढीव सुरक्षा-अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे. विंडोज ११वर जायचे असेल तर आधी आठवडाभर हीच विंडोज वापरून सर्व प्रोग्रॅम, प्रिंटर आणि टोकन तपासावेत. दोन बदल एकदम केले तर बिघाड कशामुळे झाला हे शोधता येत नाही. मग बायोसमध्ये टीपीएम चालू करावे, ज्याचे नाव इंटेलच्या बोर्डावर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम असे आढळते, आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करून अपग्रेड करावे. अपग्रेडनंतर सेटिंग्जमध्ये एन्क्रिप्शन चालू झाले आहे का ते पाहावे आणि चालू असल्यास नवी रिकव्हरी की कागदावर उतरवून संगणकापासून दूर ठेवावी.

जुनी एसएसडी निदान एक जीएसटी विवरणपत्र आणि एक महिनाअखेर नव्या यंत्रावर पार पडेपर्यंत पुसू नये. जुना संगणक विकायचा किंवा कोणाला द्यायचा असेल तर तो डिस्कशिवाय द्यावा, किंवा त्यात दुसरी डिस्क बसवून द्यावी.